अडकलेल्या डिकीला पहार लावू नका

टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, इंडिगो मरीना २००४ मध्ये. दोन्ही बंद होऊन वर्षं लोटली, तरी काही घरांत त्या अजून जिवापाड जपल्या जातात. अशी लांब पाठीची जुनी गाडी तुमच्याकडे असेल, तर एक कळकळीची विनंती. डिकी उघडेनाशी झाली म्हणून तिला पहार लावू नका, आणि ‘सामान मागच्या सीटवरून टाकू’ म्हणत तशीच सोडूनही देऊ नका. अपघातात बाजूची दारं चेपली, तर बाहेर पडायची वाट तीच असते.

बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. हँडलपासून लॉकपर्यंत एक सळई किंवा केबल जाते. सळईच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप जुनी होऊन तुटते, नाहीतर लॉकमधलं ग्रीस धूळ खाऊन घट्ट होतं.

आधी एकाने डिकी दोन्ही तळव्यांनी आत दाबून धरावी, काचेवर नव्हे, पत्र्यावर. त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढावं. लॉकवरचा ताण सुटतो आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. किल्ली फिरत नसेल तर भोकात डब्ल्यूडी-४० मारून थोडा वेळ थांबा, जोराने पिळू नका. सेंट्रल लॉकिंग असेल तर कान देऊन ऐका. ‘खट्’ झालं पण दार हललं नाही, तर दोष सळईत किंवा लॉकमध्ये. आवाजच नसेल तर फ्यूज बघा, मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी. दाराच्या उघडझापीने त्या नेमक्या तिथे तुटतात.

नाहीच जमलं तर आतून जा. मागची सीट पाडा, टॉर्च घ्या, पट्टीला फडकं गुंडाळून डिकीचं आतलं कव्हर कडेकडेने सोडवा. बहुतेक गाड्यांत लॉक खाली मधोमध असतं. सळई जिथे अडकते तो छोटा खटका स्क्रूड्रायव्हरने सरकवा. दार उघडलं की लगेच मान आत घालू नका. जुन्या गाडीचे गॅसचे शॉक मेलेले असतात, दार थेट डोक्यावर येतं. भक्कम काठीचा टेकू द्या.

आणि दोरी बांधून, अर्धवट उघड्या डिकीने गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे बसलेल्या मुलाला गुंगी येते, तेव्हा ती झोपच वाटते.

लॉक साफ करून नवं ग्रीस लावलं की दार आपटून बघायची घाई होते. ती करू नका. दार उघडं असतानाच लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद करा आणि हँडल ओढा. आकडा दरवेळी झटकन सुटतोय याची खात्री पटली, की मगच कव्हर बसवा आणि दार लावा.