राखीव साठ्याचे महत्त्व

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अन्न, कपडे, औषधे, यंत्रांचे सुटे भाग हे सारे मालवाहू यानांनी पाठवावे लागते. मात्र प्रत्येक खेप पोहोचतेच असे नाही.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेचे ‘सिग्नस’ यान घेऊन निघालेल्या रॉकेटचा काही सेकंदांतच स्फोट झाला. २८ एप्रिल २०१५ रोजी सुटलेले रशियाचे ‘प्रोग्रेस’ यान नियंत्रणाबाहेर गेले आणि दहा दिवसांनी वातावरणात जळून गेले. २८ जूनला ‘ड्रॅगन’ यान नेणारे रॉकेट अडीच मिनिटांच्या आत आकाशातच फुटले. आठ महिन्यांत तीन खेपा बुडाल्या, तरी अंतराळवीरांवर उपासमारीची वेळ आली नाही. कारण तेथे काही महिन्यांचा राखीव साठा असतो आणि पुरवठ्याची वाट एकच नसते. पहिल्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी एक प्रोग्रेस यान स्थानकाला जोडले गेले. तिसऱ्या अपघातानंतर आठवडाभरात, ५ जुलैला, आणखी एक पोहोचले.

आपल्या घरातील औषधांची व्यवस्था अशी असते का? बहुतेक घरांत शेवटची गोळी संपली, की औषधाची आठवण होते. नेमका तेव्हाच मुसळधार पाऊस असतो, लागून सुट्ट्या येतात किंवा दुकानात ते औषध शिल्लक नसते. काही औषधांत असा खंड महागात पडतो. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या एकाएकी थांबल्या, तर हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत दुखू लागू शकते. अपस्माराचे औषध चुकले, तर झटका येऊ शकतो. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. इन्सुलिनबद्दल तर वेगळे सांगावयास नको.

म्हणून नित्याच्या औषधांचा किमान पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढची खरेदी करावी. जुनी पाकिटे आधी वापरावीत, मुदत संपलेली बाजूला काढावीत. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. औषधांची नावे, मात्रा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत घरातील दुसऱ्या व्यक्तीकडेही असावी, म्हणजे शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतः आजारी पडली तरी क्रम मोडणार नाही. दुसरे एखादे औषधांचे दुकानही माहीत असू द्यावे.

साठा म्हणजे साठेबाजी मात्र नव्हे. मात्रा बदलली, की जुने औषध निरुपयोगी ठरते. आपल्याला किती दिवसांचा साठा योग्य, हे पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.