गाडीची कल्हई

मलकपेठेतील एका वाचक भगिनींचे पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. त्यांच्या घरी पहिलीच नवी मोटार येत आहे. यजमानांच्या निवृत्तीस पाच वर्षे उरली असून, शिलकेतील काही रक्कम घालून उरलेली कर्जाऊ घ्यावयाची असे ठरले आहे. रंगही ठरला आहे, गर्द निळा. आता विक्रेत्याने सुचविले आहे की, गाडी हाती घेण्यापूर्वी रंगावर ‘सिरॅमिक कोटिंग’ करून घ्यावे. २५,००० रुपये पडतील, पण पाच वर्षे रंगाची काळजी नको. परगावी नोकरीस असलेले चिरंजीव म्हणतात, अवश्य करा. भगिनींचे म्हणणे असे की, गच्ची दोन पावसाळे गळत आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठी जवळपास तेवढेच पैसे बाजूस ठेवलेले आहेत. दोन्हींपैकी एकच होईल. कोणते करावे, असे त्या विचारतात.

हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यातच चार थर चढलेले असतात. गंज रोखणारा पहिला थर पत्रा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने बसवितात. त्यावर पृष्ठभाग सारखा करणारे अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशासारखा थर, ज्यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. चारही थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन भरते. पैकी क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी गाड्यांना बहुधा हा वरचा थर नसे; त्यांचा रंग उन्हाने भुकटीसारखा होई आणि ‘रबिंग-पॉलिश’ करून तो पुनःपुन्हा उजळावा लागे. आजच्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मुळातच घातलेली असतात. तेव्हा नवी गाडी उघडी पडलेली असते आणि लेपाविना तिचा रंग दोन उन्हाळ्यांत उडून जाईल, ही भीती वाचकांनी मनातून काढून टाकावी.

सिरॅमिक या नावाने चिनी मातीच्या बरण्या आठवतात. पण येथे भट्टी नाही. वाळूत जो सिलिका असतो त्याच्याच कुळातील एक द्रव्य विद्रावकात मिसळून बाटलीत भरलेले असते. ते फडक्याने रंगावर पसरले की विद्रावक उडून जातो, हवेतील ओलाव्याशी संयोग होतो आणि पाणी झटकणारा एक पातळ, कठीण पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते.

घरच्या भाषेत सांगावयाचे तर ही गाडीची कल्हई होय. पितळेच्या पातेल्यास नवसागर टाकून कथिलाचा हात फिरविला म्हणजे आमटी कळकत नसे आणि भांडे घासावयास सोपे जाई. परंतु कल्हई केलेले पातेले हातातून पडल्यास त्यास पोचा येत नाही, असे कोणत्याही कल्हईवाल्याने कधी सांगितले नाही. आणि तेच पातेले वाळूने घासले तर कल्हई चार दिवसांत उतरत असे.

या नव्या कल्हईचे गुणही खरे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पाणी थेंब होऊन ओघळते, चिखल व धूळ कमी चिकटते, धुण्याचे श्रम वाचतात. गर्द रंगाची झळाळी खुलते. पक्ष्यांची विष्ठा पडली तर ती रंगास डाग पाडण्यापूर्वी पुसून काढण्यास थोडा अधिक अवधी मिळतो. मेणाचे पॉलिश काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. हा लेप नीट लावला आणि नीट राखला तर दोन-तीन वर्षे सहज टिकतो. मात्र रस्त्यावरचा खडा, शेजारच्या स्कूटरचे हँडल, गल्लीतील मुलांचा चेंडू यांपुढे एक-दोन मायक्रॉनचा पापुद्रा काहीही करू शकत नाही.

जाहिरातीत ‘९ एच’ अशी कठीणता सांगतात. ही पट्टी पेन्सिलींची आहे. मऊ पेन्सिलीपासून कठीण पेन्सिलीपर्यंत एकेक पेन्सिल पृष्ठभागावर ओढून कोणती ओरखडा पाडते ते पाहतात. ९ एच म्हणजे त्या पट्टीवरील सर्वांत कठीण पेन्सिलीसही तो पृष्ठभाग दाद देत नाही, एवढेच. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. हैदराबादच्या रस्त्यावरील धूळ त्याहून कितीतरी कठीण आहे.

याचे कारण आपल्या पायाखालीच आहे. हे शहर सुमारे अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइट खडकावर वसलेले आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या मराठवाड्यातून आले, तेथील काळ्या पाषाणात गारगोटी जवळजवळ नसते. ग्रॅनाइटमध्ये ती विपुल असते. खनिजांच्या कठीणतेच्या दहा पायऱ्यांच्या पट्टीवर गारगोटी सातव्या पायरीवर आहे, तर खिडकीची काच साडेपाचाच्या आसपास. खडकाची भुकटी, बांधकामाची वाळू हे सारे वाऱ्याने गाडीवर येऊन बसते. सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी पुसली म्हणजे ही गारगोटीच रंगावर घासली जाते. उन्हात गर्द रंगाच्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात त्या बहुतांशी अशाच पडलेल्या असतात. लेप असला तरी त्या पडतात. फक्त त्या लेपावर पडतात आणि लेप झिजला की खाली उतरतात.

दुसरा शत्रू पाणी. कूपनलिकेचे पाणी आपल्याकडे बहुधा जड असते. लेपावर त्याचे थेंब गोल उभे राहतात आणि उन्हात तेथेच सुकले तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे पांढरे वर्तुळ उमटते. म्हणजे ज्या गुणासाठी लेप घ्यावयाचा, तोच गुण दुपारी अंगणात धुतलेल्या गाडीवर डागांचे निमित्त होतो. तिसरा शत्रू झाड आणि ऊन यांची जोडी. उन्हाने क्लिअर कोट किंचित मऊ होऊन प्रसरण पावतो, संध्याकाळी आकुंचन पावतो, आणि त्यावर पडलेल्या विष्ठेचा ठसा धरून ठेवतो. आंब्याच्या मोसमात तुडतुड्यांचा चिकटाही असाच अंगावर येतो. यांवर लेपापेक्षा सावली आणि त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढून टाकणे हे उपाय अधिक गुणकारी आहेत.

आता व्यवहाराकडे वळू. ‘पाच वर्षांची हमी’ म्हणताना तिचा कागद आधी मागून वाचावा. पुष्कळदा ती केवळ चकाकी आणि पाणी झटकण्यापुरती असते. ओरखडे, डाग, खड्यांचे घाव तीत नसतात. वर्षातून एक-दोन वेळा त्यांच्याकडेच पैसे भरून देखभाल करून घेण्याची अट असते आणि एक खेप चुकली तर हमी संपते. तसेच लेपापूर्वी यंत्राने पॉलिश करतात, तेव्हा क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. ते काम कोण करणार आणि त्याचा हात कसा, हे लेपाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. घाईत नीट न धुता लेप चढविला तर आवारातच पडलेल्या रेषा त्याखाली जशाच्या तशा राहतात.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींनी अवश्य तपासावी. हे २५,००० रुपये गाडीच्या किमतीत मिळवून कर्जात घातले जात आहेत काय? नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचे हप्ते धरले तर ते सुमारे ३१,००० होतात. आणि हप्ता संपण्यापूर्वी लेप बहुधा संपलेला असतो.

मग हा लेप कोणी घ्यावा? ज्यांची गाडी इमारतीच्या तळघरात सावलीत उभी राहते, जे ती सात-आठ वर्षे वापरणार आहेत, स्वतः निगुतीने धुतात, ज्यांस झळाळीची हौस आहे आणि ज्यांचे दुसरे कोणतेही काम या रकमेवाचून अडलेले नाही, त्यांनी खुशाल घ्यावा. तो पैसा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. खड्यांच्या घावांचीच चिंता असेल तर त्यासाठी पारदर्शक फिल्म मिळते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे लेपाच्या शंभरपट असते. सबंध गाडीस ती फार महाग पडते. पण दारांच्या कडा आणि मुठींमागील खोबणी यांपुरती थोडक्यात होते.

आमच्या भगिनींची गाडी मात्र अंगणात, शेजारच्या आंब्याखाली उभी राहणार आहे, असे त्यांनीच लिहिले आहे. तेथे लेपाचा बहुतेक गुण ऊन, चिकटा आणि जड पाणी खाऊन टाकतील. तेव्हा लेप नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगणात हिरवी जाळी ताणून सावली करावी. दोन बादल्या, गाडीचा सौम्य शांपू, चार मऊ मायक्रोफायबर फडकी आणि मेणाचा एक डबा एवढे साहित्य घ्यावे. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग फडके लावावे. एक बादली शांपूची, दुसरी फडके खंगाळण्याची. धुणे सकाळी लवकर उरकावे, शेवटचे पाणी शक्य तर नळाचे घ्यावे, आणि गाडी लगेच टिपून कोरडी करावी. भांड्यांचा साबण वापरू नये, तो मेण धुऊन नेतो. मलकपेठेच्या घोडशर्यतीच्या मैदानावर घोडे धावतात. त्यांच्या अंगावरची कांती रोजच्या खराऱ्याने टिकते, हे तेथील कोणताही मोतद्दार सांगेल. गाडीचेही तसेच आहे.

गाडी पुसावयास मुलगा लावला असेल तर ही फडकी त्याच्या हाती द्यावी, कोरडे पुसू नये हे एकदा शांतपणे समजावून सांगावे आणि महिन्याच्या पैशांत थोडी वाढ करावी. चिरंजिवांनाही हे सारे कळवावे. नव्या गाडीची त्यांची काळजी प्रेमापोटीच आहे. चार-पाच वर्षांनी निळा रंग निस्तेज वाटलाच, तर तेव्हा एकदा चांगल्या हाताकडून पॉलिश करून घेण्याची वाट मोकळी आहेच. भिजलेल्या स्लॅबमधील सळ्या मात्र तोवर थांबत नाहीत. त्या आतून गंजत राहतात. म्हणून गच्चीचे काम मृग लागण्यापूर्वी उरकून घ्यावे.