‘शंभर कोटीं’चा सिनेमा, पण हातात पडतात किती?

नवा सिनेमा लागला की दोन-तीन दिवसांत गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कमाईचा आकडा फिरायला लागतो. कुठे पन्नास कोटी, कुठे शंभर कोटी. पण हा आकडा मोजला कोणी, हे त्यात लिहिलेलं नसतं.

बाजार समितीत कांदा गेला की आवक किती, किमान, कमाल आणि सरासरी भाव किती, हे त्याच दिवशी जाहीर होतं. सिनेमाचं तसं नाही. कोणत्या सिनेमाची किती तिकिटं विकली, हे रोज जाहीर करणारी सरकारी यंत्रणा आपल्याकडे नाही. सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, कमाई मोजत नाही. त्यामुळे निर्माता सांगतो तो आकडा किंवा व्यापार विश्लेषकांचा अंदाज, यावरच सगळं चालतं. सॅकनिल्क, बॉक्स ऑफिस इंडिया अशा संकेतस्थळांवर एकाच सिनेमाचे आकडे वेगवेगळे दिसतात ते यामुळेच.

ग्रॉस, नेट आणि शेअर

शेतकऱ्याला पट्टी कळते. मालाची रक्कम वर असते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात पडतं ते वेगळंच. सिनेमाचंही तेच आहे.

समजा मल्टिप्लेक्सचं तिकीट २३६ रुपयांचं आहे. हे झालं ग्रॉस. त्यातले ३६ रुपये जीएसटी (१८ टक्के). उरलेले २०० म्हणजे नेट. त्यात थिएटरचा वाटा असतो. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या वादानंतर वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, पुढे ४२.५, ३७.५ आणि मग ३० असा ठरला होता. त्या हिशोबाने पहिल्या आठवड्यात वितरकाकडे १०० रुपये जातात, पुढे त्याहून कमी. निर्मात्याचा खर्च त्यातूनच निघायचा असतो.

म्हणजे ‘शंभर कोटी’ हे कधी ग्रॉस असतं, कधी नेट. २०१६ मध्ये ‘सैराट’ने हा टप्पा गाठला, तेव्हापासून मराठी सिनेमाही याच मापाने मोजला जातो. त्याआधी माप आठवड्यांचं होतं. दादा कोंडकेंचा सिनेमा पंचवीस आठवडे चालला, एवढं सांगितलं तरी लोकांना कळायचं.

तालुक्याचा प्रेक्षक कुठे?

काही संकेतस्थळं ऑनलाइन बुकिंग पाहून अंदाज बांधतात. तालुक्याच्या टॉकीजमध्ये खिडकीवर रोख देऊन काढलेलं तिकीट त्यात नीट दिसत नाही. जत्रेतल्या तंबू थिएटरचा गल्ला तर हिशोबातच येत नाही. आणि पुढच्या सिनेमाचे शो कुठे किती लावायचे, हे मागच्या आकड्यांवर ठरतं. ग्रामीण प्रेक्षक आकड्यात दिसला नाही, तर शोही शहरातच लागतात.

दक्षिण कोरियात चित्रपट परिषदेची संगणक यंत्रणा थिएटरांच्या तिकीट विक्रीला जोडलेली आहे. कोणत्या सिनेमाला रोज किती लोक आले, हे तिथे कोणालाही पाहता येतं. आपल्याकडेही तिकिटावर कर भरला जातो, म्हणजे विक्रीची नोंद कुठेतरी होतेच. सिनेमानिहाय आणि जिल्हानिहाय तिकिटांची संख्या राज्याने जाहीर केली, तर अभ्यास करणारा विद्यार्थी आणि टॉकीजवाला, दोघांनाही उपयोग होईल.

तोवर आकडा पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. आकडा ग्रॉस आहे की नेट? फक्त देशातला की परदेशातलाही धरून? आणि सांगणारा कोण, स्वतः निर्माता की दुसरा कोणी?