आवाज गेला म्हणून फॉरमॅट?

मंडळी, इंजिनिअरिंगची डिग्री हातात पडली की नातेवाइकांत आपली एक बिनपगारी नेमणूक होते. हापिसात तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहा नाहीतर टेस्टिंग करा, लग्नाच्या पंगतीत प्रश्न एकच: "अरे, आमच्या कॉम्प्युटरचा आवाज येत नाहीये, बघ ना जरा." आता बघून बघून माझं याबाबतीत एक ठाम मत झालंय. ते आज लिहूनच टाकतो.

घरच्या कॉम्प्युटरचा आवाज सहसा बिघडत नाही, तो भलतीकडे जातो. आणि भलतीकडे गेलेल्या आवाजासाठी मशीन फॉरमॅट करणं म्हणजे पाहुणा शेजारच्या घरात शिरला म्हणून आपलं घर पाडून पुन्हा बांधणं.

एके काळी आवाजाचं दुखणं खरंच अवघड होतं. नव्वदच्या दशकात साउंड ब्लास्टरसारखं वेगळं कार्ड विकत आणून बसवायचं, मग ते दुसऱ्या कुठल्या कार्डाशी भांडायचं, की आवाजही नाही आणि ते दुसरं कार्डही बंद. पुढे 1997 साली इंटेलने एसी 97 आणलं, 2004 मध्ये एचडी ऑडिओ आलं, आणि आवाजाची सोय मदरबोर्डवरच झाली. आज कंपनीचा ड्रायव्हर नसला तरी विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर बहुतेक वेळा काम भागवतो.

मग आता अडतं कुठे? तर आवाजाला बाहेर पडायच्या वाटा वाढल्या. लॅपटॉपचे स्पीकर, हेडफोनचं भोक, एचडीएमआयवरचा मॉनिटर, ब्लूटूथ, यूएसबी हेडसेट. नवीन काही जोडलं की विंडोज पुष्कळदा न विचारता आवाज तिकडे वळवतं. जुन्या रेडिओला एक बटण असायचं, फिरवलं की कळायचं. इथे सगळं पडद्याआड.

माझ्या एका मावशीचं उदाहरण. तिने गेल्या वर्षी नवा मॉनिटर घेतला, एचडीएमआयच्या वायरने जोडला आणि आवाज गायब. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते! आवाज इमानदारीत तिकडे जात होता आणि कुणालाच ऐकू येत नव्हता. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "ड्रायव्हर करप्ट आहे, विंडोज टाकावी लागेल." टाकली. सहाशे रुपये गेले. आवाज आला का? नाही. मॉनिटर तोच, वायर तीच. वर "साउंड कार्ड गेलंय" हे नवं निदान. तेव्हा तिचा मला फोन आला. फोनवरच दोन मिनिटांत आउटपुट बदलून स्पीकर निवडला, झालं काम. पण डेस्कटॉपवर काकांनी म्हटलेल्या भजनांच्या फायली होत्या. काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्या फायली दुसरीकडे कुठे नव्हत्या. "असू दे, तू तरी काय करणार," एवढंच म्हणाली मावशी.

म्हणून म्हणतो, क्रम महत्त्वाचा. घरातले दिवे गेले तर आपण आधी गॅलरीतून बघतो, शेजाऱ्यांकडे आहेत का. मग फ्यूज, मग बल्ब. पहिल्या फटक्यात घराचं वायरिंग कुणी उपटत नाही. आवाजाचंही तसंच करा.

पहिलं, आवाज सगळीकडचा गेलाय की एकाच प्रोग्रॅमचा? 2007 च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. व्हॉल्यूम मिक्सर उघडून बघा, ब्राउझर एकटाच गप्प बसवलेला असू शकतो.

दुसरं, आवाज जातोय कुठे? साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुटची यादी असते. तिथे मॉनिटरचं किंवा कपाटात पडलेल्या हेडसेटचं नाव दिसलं तर चोर सापडला.

तिसरं, वायर. डेस्कटॉपच्या मागे स्पीकरची पिन साधारणपणे हिरव्या भोकात, माइकची गुलाबी. स्पीकरमधून नुसती घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर संशय अर्थिंगवर घ्या, कॉम्प्युटरवर नाही.

चौथं, ब्लूटूथ. गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की सगळे डब्यातून बोलल्यासारखे? हेडफोन बिघडलेला नाही. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, फरक लगेच कळेल.

एवढं करून नाहीच जमलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन साउंडचं डिव्हाइस अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ते शोधून पुन्हा बसवतं. तुमच्या फायलींना धक्काही लागत नाही.

आता दुरुस्तीवाल्याची बाजूही खरी आहे. त्याच्या टेबलावर वीस मशिनं पडलेली असतात. विचार करत बसण्यापेक्षा फॉरमॅट सोपं, आणि पुष्कळ दुखण्यांवर चालतंही. फक्त त्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही, ती फायलींच्या मालकाला मोजावी लागते. निदान "बॅकअप घेतलाय का?" एवढं विचारायला काय जातं?

आणि आपण आयटीवाले तरी काय करतो? एनीडेस्क लावतो, तिकडे माउस आपोआप पळतो, दोन मिनिटांत आवाज चालू. समोरचा माणूस जादू बघितल्यासारखा बघत राहतो आणि शिकत काहीच नाही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, आणि आपण मीटिंगमध्ये असलो की तो जातो दुकानात.

माझं म्हणणं एवढंच, की माउस त्यांच्याच हातात राहू द्या. फोनवर सांगा, वीस मिनिटं लागली तर लागू द्या. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर वरच्या पायऱ्या त्यांच्याच अक्षरात लिहायला सांगा. मावशीने लिहून ठेवल्यात, आणि परवा शेजारच्या काकूंचा आवाज तिने स्वतः आणून दिला.

असो. विकांत आहे, थोडा वेळ असेलच. आज घरी फोन कराल तेव्हा आवाज येतोय का ते विचाराच, पण त्याआधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्यात का, तेही विचारा.