विश्लेषण : फुटपाथला चाक आपटल्यावर नुसती ‘अलाइनमेंट’ पुरेशी का नाही?

पावसात रस्ता आणि फुटपाथ एकाच पाण्याखाली गेले की वळताना डावे चाक कडेला आपटते. मोठा आवाज होतो, पण गाडी चालत राहते. फक्त स्टिअरिंग किंचित वाकडे धरावे लागते. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण टायरच्या दुकानात जाऊन अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतात. काहीशे रुपयांत स्टिअरिंग सरळ होते आणि विषय संपतो. मात्र काही महिन्यांत टायर एकाच बाजूने गुळगुळीत झालेला दिसतो. (हे लिहिणाऱ्याने पहिल्या गाडीचे दोन टायर याच पद्धतीने घालवले आहेत.) मग दुकानात नेमके काय दुरुस्त झाले होते?

आपटी इतकी जोराची का बसते?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (आयआरसी १०३, २०१२) फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आता टायरवरचा आकडा पाहा. १८५/६५ आर १५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १८५ च्या ६५ टक्के, सुमारे १२० मिमी. दिसायला छान म्हणून १९५/५५ आर १६ बसवला तर ती १०७ मिमीवर येते. म्हणजे नियमात बसणारी कडही रबरापेक्षा उंच असते. टायर दबला की धक्का थेट रिमला आणि तिथून सस्पेन्शनला बसतो. वेग ताशी २० ऐवजी ४० किमी असेल तर धक्क्यातील ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

सस्पेन्शन खड्ड्याचा, म्हणजे वर-खाली येणारा धक्का पचवण्यासाठी बनवलेले असते. फुटपाथचा धक्का समोरून किंवा आडवा येतो. तो स्प्रिंग आणि शॉकअपला शोषता येत नाही. मग टाय रॉड, लोअर आर्म, स्ट्रट किंवा चाक ज्या ओतीव भागावर बसते तो नकल, यांपैकी काहीतरी वाकते.

अलाइनमेंटमध्ये नेमके काय बदलते?

चाकाचे मुख्य कोन तीन. वरून पाहिल्यास चाके समोर एकमेकांकडे किंवा दूर वळलेली असणे म्हणजे ‘टो’. समोरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर कलणे म्हणजे ‘कॅम्बर’. आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष पुढे-मागे झुकणे म्हणजे ‘कॅस्टर’. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. त्यांत साधारणपणे फक्त पुढचा टो बदलता येतो, तोही टाय रॉड कमी-जास्त फिरवून. उरलेले कोन कारखान्यात ठरलेले असतात.

त्यामुळे कॅम्बर किंवा कॅस्टर मर्यादेबाहेर गेला असेल तर भाग वाकला आहे किंवा जागचा हलला आहे, असाच त्याचा अर्थ. टो जुळवून स्टिअरिंग सरळ करणे म्हणजे वाकलेल्या चौकटीचे दार रंधा मारून बसवण्यासारखे आहे. दार लागते, पण चौकट तशीच राहते.

टो चुकीचा राहिला तर काय होते? चाक अर्धा अंश तिरके असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे घासत जाते. हजार किलोमीटरमध्ये हे घासणे पावणेनऊ किलोमीटर होते.

प्रिंटआउटमध्ये काय पाहावे?

दुकानदार कागद क्वचितच स्वतःहून देतो, पण मागितल्यास बहुतेक मशीनमधून तो निघतो. त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने असतात. टो लालचा हिरवा झाला, पण कॅम्बर दोन्ही रकान्यांत लालच असेल, तर काम अर्धे झाले आहे.

मशीन एसएआय, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा आतल्या बाजूचा कल, दाखवत असेल तर कोणता भाग वाकला याचाही अंदाज येतो. एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज डाव्या-उजव्या बाजूला सारखी असून दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बदलले असतील, तर संशय लोअर आर्मवर किंवा सबफ्रेम सरकल्यावर जातो. बेरीजच वेगळी आली तर स्ट्रट किंवा नकल वाकला असण्याची शक्यता अधिक.

मशीनशिवायही एक खूण पाहता येते. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून चाक आणि मडगार्डमधली फट पुढे-मागे बोटांनी मोजा आणि दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. एका बाजूचे चाक मागे सरकलेले आढळले तर गाडी थेट मेकॅनिककडे न्यावी. टायरच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. तिथेच स्टेपनी लावावी. चाक उघड तिरके दिसत असेल किंवा घासत असेल, तर गाडी टो करूनच न्यावी.

दुरुस्तीचा क्रम काय असावा?

आधी रिम आणि टायर, मग सस्पेन्शनची तपासणी, भाग बदलणे आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट आधी केली तर भाग बदलल्यावर पुन्हा पैसे मोजावे लागतात. काही गॅरेजमध्ये वाकलेला आर्म तापवून, ठोकून सरळ करून देतात. स्वस्त पडते, पण तापवल्याने धातूची ताकद बदलते आणि पुढची चीर वरून दिसत नाही. चाक धरून ठेवणाऱ्या भागात ही काटकसर नको. नवा आर्म बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळायचे असतात. लिफ्टवर लटकत्या चाकात आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ईएससी असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो की नाही, तेही विचारून घ्यावे.

खर्च कोण देणार?

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. ती माणसांच्या हानीसाठी आहे. वाकलेल्या आर्मसाठी आपल्या विम्याकडेच पाहावे लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मिळते, पण दुरुस्तीआधी कंपनीला कळवणे आवश्यक. नुसता टायर खराब झाल्यास नेहमीच्या पॉलिसीत दावा बसत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मीच रक्कम मिळते. रबरी भागांवर ५० टक्के, तर धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो.

दावा करण्यापूर्वी नो-क्लेम बोनसचा हिशेब मांडावा. समजा ‘ओन डॅमेज’ प्रीमियम १० हजार रुपये आहे आणि सध्या २५ टक्के बोनस मिळतो. दावा केला नाही तर पुढे ३५, ४५ आणि मग ५० टक्के. केला तर शून्यापासून सुरुवात. प्रीमियम तेवढाच धरला तर पुढच्या वर्षी साडेतीन हजार आणि पाच वर्षांत मिळून साडेदहा हजार रुपयांचा फटका बसतो. एक लोअर आर्म आणि टाय रॉडचे बिल यापेक्षा कमी आले, तर दावा न केलेलाच बरा.