लोणच्यातलं टिंब

लोणच्यावर फीचर लिहायचं होतं. डेडलाइन सोमवार. जुन्या पाककृती हव्यात म्हणून शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेले. तिथली पुस्तकं आता स्कॅन झालीयेत. म्हटलं, मस्त! सर्च मारायचा आणि दहा मिनिटांत बाहेर कॉफी.

'लोणचं' टाइप केलं. शून्य. 'लोणचे'? पुन्हा शून्य. आपले पणजोबा लोणचं खातच नव्हते की काय?

तिथे नव्यानं लागलेली एक मुलगी आहे, लायब्ररी सायन्सची मास्टर्स, 'कोहा' तोंडपाठ. हे ग्रंथालयाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिनं सेटिंग्ज तपासली, पुन्हा तपासली, काही होईना. मग देवघेवीच्या काउंटरवरचे काका उठून आले. "टिंब द्या हो," म्हणाले. "लोणचें."

स्क्रीनवर पानंच पानं!

१९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत सगळं 'केलें', 'नाहीं'. आपल्याला ते सहज कळतं, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळेच शब्द वाटतात. त्यात ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोतून अक्षरं ओळखणारं तंत्र. टेसरॅक्टसारखी फुकट इंजिनं मराठी वाचतात, पण पिवळा कागद आणि झिजलेला टाइप समोर आला की 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' होतो. टिंब डाग समजून उडतं, आणि डागाचं टिंब होतं. हे तपासायला जुनी मराठी वाचलेला माणूस लागतो. स्कॅनर कितीही महागाचा घ्या.

आणि स्कॅनरला बजेट आहे बरं का! काकांना मात्र एकाही ट्रेनिंगला पाठवलेलं नाही. "या वयात कशाला?" असं वरून उत्तर आलं. ते दोन वर्षांत रिटायर होतायत. ती पोरगी अकरा महिन्यांच्या काँट्रॅक्टवर.

तर या दोघांनी आपली आपणच एक वही काढलीये. डावीकडे जुनं रूप, उजवीकडे आजचं. काका दुपारी लिहितात, ती संध्याकाळी एक्सेलमध्ये भरते. ही यादी सर्चला जोडली की तुम्ही कसंही टाइप करा, पुस्तक सापडेल. मी गेले तेव्हा ३१२ शब्द झाले होते. माझ्यासमोर काकांनी ३१३वा लिहिला, 'लोणचें'.

तिचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय.