पोराच्या गाडीची वायर कोण काढतंय?

परवा भाच्यासाठी बॅटरीवरची गाडी बघायला गेलो होतो. भाचा दहावीला, वय १५. दुकानदाराला म्हटलं, लायसन लागणार नाही अशीच दाखवा. त्यानं दाखवली आणि वर हळूच म्हणाला, "साहेब, ही पंचवीसनंच पळती, पोरं कंटाळतात. एक वायर काढून देतो, चाळीसच्या पुढं जाती. मोठा कंट्रोलर टाकला तर पन्नास कुठं गेले नाहीत." पैसे किती? म्हणे, गाडी इथून घेतली तर फुकट!

नाव घेत नाही. प्रश्न एका दुकानाचा नाही.

लायसन नको, पासिंग नको, विमा नको, ही सूट सरकारनं उगाच दिलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अट स्पष्ट आहे. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेनं गाडी तपासलेली पाहिजे. एवढं सगळं असेल तर ती मोटार वाहन धरलीच जात नाही, सायकलीच्या रांगेत बसते. वायर काढली की ही सूट संपली. आता ती नंबर नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल झाली, आणि वर बसलंय बिनलायसनचं लेकरू.

ब्रेक मात्र पंचविसाच्या हिशोबाचेच राहिले. वेग दुप्पट झाला की थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. आपल्याकडं सीझनला संध्याकाळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. बाकी तुम्हीच समजून घ्या.

आता कायदा कोणाला धरतो ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९अ आलं. अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन नाही. आणि कोर्ट धरूनच चालतं की गाडी बापाच्या संमतीनं दिली होती. "मला माहीत नव्हतं" हे बापानं सिद्ध करायचं. आपल्या जिल्ह्यातला बाप त्या वेळी कुठं असतो? दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाच्या उचलीतून पोराला गाडी घेऊन दिली, पोरगं आजीजवळ ठेवलं. त्याला वॅट कळतो का कंट्रोलर? उद्या त्या गाडीनं एखाद्या म्हाताऱ्याला उडवलं तर भरपाई द्यायला विमा कंपनी नाही. दोन एकर कोरडवाहू आहे, तेच जाणार.

दुकानदाराचं काय? त्याच्यासाठीही कलम आहे, १८२अ. नियमाबाहेर बदल केलेली गाडी विकली तर डीलरला १ वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागं १ लाख दंड, किंवा दोन्ही. मालकानं बदल केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार. म्हणजे पैसा कोण कमावतो हे कायद्याला चांगलं कळतं, अंमलबजावणीला कळत नाही. मे २०२२ मध्ये परिवहन विभागानं अशा गाड्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती. पण बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले की आम्ही पत्रकार फोटो छापतो (मीही छापलाय, लपवत नाही). दुकानात शिरून कंट्रोलर तपासल्याची बातमी लिहायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

कोणी म्हणेल, मग पोरांनी शाळेत जायचं कसं? बरोबर आहे. पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण एसटी वेळेवर आली तर पासाचा उपयोग. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन मिळतं, हा नियम लूनाच्या काळात ठीक होता. आज ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये दाखवा मला! सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कायदेशीर रस्ता कागदावरच उरलाय, आणि ती फट दुकानदार वायर काढून भरतोय.

म्हणून बीड आणि अंबाजोगाईच्या आरटीओ साहेबांना जाहीर विनंती. पोरं नंतर अडवा, आधी दुकानं तपासा. प्रत्येक बिलावर मोटरचे वॅट, कंट्रोलरचा नंबर आणि कमाल वेग लिहायला लावा, खाली दुकानदाराची सही घ्या. पुढं गाडी पन्नासनं पळाली तर ती वायर कोणी काढली हे त्या सहीवरून विचारता येईल.

भाच्याला सायकल घेतली. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही.